वरकाम

माझी आई वाशीला वरकाम करायची,
सात घरी, भांडी-लादी.
मीही वरकामच करते, रबाळ्याला, एमआयडीसीत.
नाव मालकानेच ठेवलंय:
रॉकेटचा जॉब आला की हाक येते,
"वरकाम आलंय, हात धुऊन बसा."

टायटॅनियमची रिंग.
तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढी.
कुठे बसते ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं,
आम्ही विचारत नाही.
कडेची बर काढायची, एमरीने, मग पेस्टने,
मग नुसता अंगठा फिरवून बघायचं
कुठे लागतंय का.
मायक्रोमीटर नंतर. आधी अंगठा.
अकरा वर्षं झाली.

इलठणपाड्याच्या रेशन दुकानात
मशीन माझा अंगठा घेत नाही.
पुसून ठेवा. पुन्हा ठेवा. दुसरा ठेवा.
शेट्टे मशीन घेऊन बाहेर येतो,
गटारावरच्या फळीवर उभा राहतो
आणि आभाळाकडे धरून हलवतो ते,
औक्षण केल्यासारखं.
कधी रेंज येते.
अंगठा येत नाही.

आम्रपालीच्या शाळेत वादविवाद होता:
सरकारचा पैसा अवकाशाला की गरिबीला.
चिठ्ठी उचलली, तिला गरिबी आली.
"चिठ्ठी बरोबर ओळखते गं आई," म्हणाली.
मग वही उघडून बसली:
"तू सांग. तू कुठल्या बाजूची?"

मी कणीक मळत होते.
पीठ विकतचं, गहू दुकानात अडकलेले.
तिच्या अंगावरचा गणवेश
दोन रिंगांच्या ओव्हरटाइमचा.
म्हटलं, उद्या सांगते.

डब्याच्या सुट्टीत डोळसमामांना विचारलं.
मामा लेथवर, तीस वर्षं तेलात मुरलेले.
म्हणाले, "पैसा म्हणजे काय गल्लीतला नळ आहे?
तिकडचा कॉक बंद केला की इकडे धार?
मी खदान बंद झालेली बघितली,
दोन कारखाने बंद झालेले बघितले.
वाचलेला पैसा कुणाच्या दारात आला नाही."
मग डब्यातलं लोणचं बोटाने पुसत,
"रॉकेट सुटलं तेव्हाही आला नाही म्हणा."

हे मी घरी येऊन सांगितलं.
आम्रपालीने लिहून घेतलं नाही.

सुटलं त्या सकाळी मशीनं थांबवली होती.
मालकाचा टीव्ही, आम्ही नऊ जण, उलटी मोजणी.
मी श्वास धरला. खरंच धरला, खोटं का बोलू.
पोर पहिल्यांदा एकटी
ठाणे-बेलापूर रोड ओलांडत होती
तेव्हा धरला होता, तसा.
ते ढगात शिरलं आणि वाटलं,
त्यात कुठेतरी माझं बोट गेलंय.
नंतर पेढा, अर्धा अर्धा.
नंतर कामाला लागा.

स्पर्धेत आम्रपालीने आकडे सांगितलेच नाहीत.
शेट्टेची फळी सांगितली,
आभाळाकडे धरलेलं मशीन सांगितलं,
मामांचा नळही घुसवला मध्येच.
परीक्षक म्हणाले,
बाळ, तुझी बाजू कुठली ते कळलं नाही.
उत्तेजनार्थ कंपासपेटी मिळाली.
तिच्यातला कर्कटक ढिला आहे,
वर्तुळ जिथून निघतं तिथे परत येत नाही.
मामा म्हणाले, आण, स्क्रू बदलून देतो.

काल तपासणीच्या खोलीत
रफनेसचं मशीन रिकामं होतं.
त्याची सुई रिंगवरून सरकते
आणि कागदावर डोंगर-दऱ्या काढते,
डोळ्यांना न दिसणाऱ्या.
कुणी बघत नव्हतं.
मी अंगठा सुईखाली धरला.

रेघ आली. जवळजवळ सपाट.
दुसऱ्यांदा धरला. तशीच.
कागद फाडून डब्याच्या पिशवीत टाकला
आणि ट्रेमधली पुढची रिंग घेतली.

गुरुवारी आम्रपालीला दुकानात नेईन.
अर्धा दिवस शाळा बुडेल.
तिचा अंगठा उमटतो अजून.