दोन बोटं रेती

खारेगावात सातव्या मजल्यावर
न्हाणीघरात बादली घेऊन बसले आहे,
गुडघ्यापर्यंत ओली.
दहा किलो रेती, अकरावं पाणी.
ढवळते, गढूळ वर येतं, ओतते. पुन्हा नळ.
तांदूळ धुताना आई तिसऱ्या पाण्याला थांबायची.
रेती थांबू देत नाही.

बाबा दारात येऊन उभे राहतात.
उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून
डावा खांदा नेहमी पुढे.
वाकून चिमूट उचलतात, चोळतात,
आणि, मला माहीतच होतं,
जिभेवर ठेवतात.
"गोऱ्या पान्याची हाय. खारीची नाय."
पावतीवरही तेच लिहिलंय, मी म्हणते.
उजव्या बाजूने म्हणते. वाया जातं.

तीस वर्षं त्यांनी खाडीतून रेती काढली.
वासा धरून खाली, लोखंडी बादली, दोरी.
वर होडी, होडीत मोजणारा.
एक बुडी, एक बादली.
लोकांची घरं झाली, माझा कान गेला,
हे ते कोथिंबिरीचा भाव सांगावा तसं सांगतात.

स्वानंदीला हवे होते गुलाबी खडे
आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी पेटी.
"मावऱ्याला तिजोरी कशाला?"
ती हसली, मग रुसली, मग
सोसायटीच्या आवारातली बदामाची पानं आणायला गेली,
वाळलेली, तांबडी,
झाडूवाल्या पुष्पाबाई पोचायच्या आत.

मूळ आमच्या जुन्या परसातल्या पेरूचं.
रस्ता रुंद झाला, झाड गेलं,
मूळ बाबांनी माळ्यावर ठेवलं, कशाला ते न सांगता.
मोठ्या टोपात तीन दिवस उकळलं.
पाणी चहासारखं.
चौथ्या दिवशीही चहासारखं.
शेजारच्या लीलाम्मांनी विचारलं, काढा कसला?
म्हटलं, माशांचा.

शिंपल्या मात्र नापास.
बाबांच्या डब्यातल्या, खाडीच्या, पांढऱ्या.
लिंबू पिळलं तशा फसफसल्या.
पाणी जड करतील, मी म्हटलं. या वेळी डावीकडून.
त्यांनी एकेक पुसून परत डब्यात ठेवली.
पारसिकच्या काळ्या दगडावरून
लिंबू नुसतंच ओघळलं.

मग रेती पसरायची.
मी पट्टी घेऊन सपाट करू लागले,
वहीला समास आखावा तशी.
त्यांनी माझं मनगट धरलं.
"तल कदी सपाट नसतं."
मागे चढ, पुढे उतार,
दगडाच्या पोटाशी थोडं खोलगट, जिथे पाणी वळतं.
"दोन बोटं. जास्त नको.
जार थर झाला का खालची काली परते, वास मारते.
रेतीला पन दम लागतो."
मी हे सगळं वाचून, लिहून घेतलं होतं.
ते डोळे मिटून करत होते.
खाली तसंही काय दिसायचं, म्हणाले.

ताटली ठेवली, तिच्यावर धार धरली,
बारीक, रेती उठू नये अशी.
तरी उठली.
संध्याकाळभर टाकीत खाडी.
स्वानंदी रडवेली. बिघडलं ना सगळं?
बाबांनी खुर्ची ओढली.
"बसंल," म्हणाले, आणि स्वतःच बसले.

तीन आठवडे नुसतं पाणी, पानं, मूळ.
पाहुणे विचारत, मासे कुठेत?
मग मुरे आले, चार, करंगळीएवढे, मिशीवाले.
पिशवीतून सुटताच एकाने
दगडापाशी डोकं खुपसलं
आणि शेपटीसकट रेतीत गेला.
वर एक खळगा. तोही बुजला.

बाबा काचेला नाक लावून.
त्यांचे ओठ हलताहेत.
अडतीस, एकोणचाळीस.
मोजणारा नाही, होडी नाही,
समोर दोन फुटांची टाकी,
आणि त्यांची छाती हलत नाही, हे मला
उशिरा दिसतं.
बावन्न.
स्वानंदी त्यांचा गुडघा हलवते.
आजोबा,
तो मासा आहे.