हिकिशिओ

वीस वर्षं चाकणच्या कारखान्यासाठी
जपानी पुस्तिका मराठीत आणल्या.
बेअरिंग, टॉर्क, वंगण, सैल नट,
सगळं तोंडपाठ.

आणि तोमोनोउराच्या धक्क्यावर,
दगडी पायऱ्या जिथे थेट समुद्रात उतरतात,
मासळी वाळवणाऱ्या बाई काहीतरी बोलल्या
तर नेमका एक शब्द अडला.
त्यांनी ओल्या पायऱ्या बोटाने मोजून दाखवल्या. सात.
हिकिशिओ, म्हणाल्या.
पुन्हा म्हणाल्या, हळू,
लेकराला घास भरवावा तसं.

ओहोटी!
भूगोलाच्या पुस्तकाबाहेर
पहिल्यांदाच भेटत होते मी तिला.
भरती तर आमच्याकडे पोलिसांची असते.

जुना दगडी दिवा, त्याच्या पायथ्याशी मांजर,
औषधी दारूचं दुकान, चारलाच सामसूम.
दीड दिवस होते तिथे.
फोटो फारसे नाहीत.

आता ओंकारेश्वरापाशी उभी आहे.
खडकवासल्यातून पाणी सोडलंय,
भोंगा वाजून गेला, भिडे पूल बुडाला,
कठड्याला माणसं, माणसांच्या हातात मोबाईल.
शेजारचे गुर्जर विचारतात, "किती क्युसेक?"
मी घाटाच्या पायऱ्या मोजतेय.
पाच उरल्यात. चार.
"चार," म्हणते.
त्यांना ते उत्तर वाटत नाही.

परवा दरवाजे बंद होतील.
चिखल, निर्माल्य, कुणाची तरी एक चप्पल.
पाणी उतरलं, एवढंच म्हणतो आपण.
मी हिकिशिओ म्हणून बघेन,
पुटपुटत.
मुठेला चालतंय का, कुणास ठाऊक.