अंधार किती ठेवायचा

तुइस्कु हेलसिंकीहून आली, सहा तासांची आगगाडी,
बॅगेत एक हार्ड डिस्क, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेली.
तिच्या नावाचा अर्थ हिमवादळ.
बोलते मात्र दवाखान्यात बोलावं तसं.

म्हणाली, सुलो,
इल्मो कार्पालाचे तिन्ही चित्रपट आम्ही डिस्कवर आणतोय.
त्या युनिटमधले आता तुम्हीच उरलात.
‘उरलात’ म्हणताना कपाकडे बघत होती.

इल्मो लोकांना ठाऊक तो कॅमेरामन म्हणून.
बत्तीस चित्रपट त्यानं दुसऱ्यांसाठी उजळले.
स्वतःचे तीन काढले, आणि तिन्हींत
दिवे लावले चिक्कू घरातल्यासारखे, मोजून.
डांबराच्या भट्टीवर रात्रभर जागणारा माणूस,
फेरीबोटीची शेवटची खेप,
आणि तो तिसरा, ज्यात काहीच घडत नाही,
एक बाई मेलेल्या भावाचं घर आवरते.
ओउलूत तो आठवडाभर चालला. रविवार धरून.

नंतर कॅसेटी निघाल्या.
पेट्रोल पंपावर, वायपरच्या रबरांशेजारी,
वेष्टनावर भलतीच बाई, तीही हसणारी.
गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून कंपनीनं चित्र उजळवून घेतलं,
इतकं, की भट्टीच्या रात्री गवत हिरवंगार
आणि वरच्या कोपऱ्यात माइकची काठी
बगळ्यासारखी मान घालून उभी.
इल्मोनं ते एकदाच पाहिलं.
टीव्हीवर कोट टाकला आणि जेवायला बसला.

आता तुइस्कु विचारते:
तिसऱ्यातला तो शॉट,
लेंपी खिडकीपाशी, हातात भावाचे बूट,
चेहरा जवळजवळ नाहीच.
निगेटिव्हमध्ये आहे, म्हणते. पूर्ण आहे.
मी तो वर आणू शकते. आणू?
की अंधार मुद्दाम होता?

एका प्राध्यापकानं त्या अंधारावर अकरा पानं लिहिलीत.
पुस्तिकेत येणार आहेत. शोक, मौन, उत्तरेचा हिवाळा.

मला अंतरं आठवतात, उजेड नाही.
माझं काम मोजायची फीत धरायचं:
लेन्सपासून डोळ्यापर्यंत दोन मीटर चाळीस.
तालमीत लेंपी तिथेच थांबली, तीनदा.
टेकला एक पाऊल पुढे आली,
बुटात काही दिसलं म्हणे तिला,
आणि माझा हात फोकसच्या चाकावर तसाच राहिला
कारण मी तिच्याकडे बघत होतो, खुणेकडे नाही.

तीस सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी ते घर पाडलं, पुन्हा घेणं नव्हतंच.
लॅबमध्ये इल्मोनं तो धुरकट चेहरा पाहिला,
माझ्याकडे पाहिलं नाही,
छापणाऱ्याला म्हणाला, काळं कर. अजून. अजून.
चूक पदरात घेणं म्हणतात ते हेच असेल
तर पदर काळा होता.
येताना त्यानं मला मासळी घातलेला पाव घेऊन दिला.
बस्स.

त्रेपन्न वर्षं पोटात ठेवलं.
झाकली मूठ माझी,
सव्वा लाख त्याच्या नावावर.

तुइस्कुनं बटण फिरवलं.
लेंपी वर आली, पाण्यातून यावी तशी, पुसट,
तोंड किंचित उघडं, बुटांवर वाकलेली.
ते पाऊल आजवर कुणी पाहिलंच नव्हतं,
त्या दिवशी मी पाहिलं, तेवढंच.
तुइस्कु पुढे झुकली. तिला कळलं असावं.
असल्या गोष्टी ओळखायला तिला माझी गरज नाही.
मग? म्हणाली.
मी बराच वेळ साखर ढवळली. मी साखर घेत नाही.

अर्धा, म्हटलं. अर्धा अंधार काढ.

आणि ती अकरा पानं?
छाप की. कागद तुमचा आहे.

डिस्क मे महिन्यात आली.
यंत्र शेजारच्या पोरानं जोडून दिलं, वायर उरली एक.
तो गेल्यावर मी खणातून फीत काढली,
गंजलीय, चाळिसाच्या पुढे आकडे वाचावे लागतात बोटांनी.
खुर्चीपासून पडद्यापर्यंत
दोन मीटर दहा.

खुर्ची हलवली नाही.