भिशी

घरी सांगितलंय, भिशीला जाते.
दुसरा शनिवार, दुपारी चार, कोपरखैरणे,
शिवणक्लासच्या वरची खोली.
सासूबाई दर वेळी विचारतात,
अजून नंबर नाही लागला तुझा?
लागेल, म्हणते मी.
आठ वर्षं लागतोय.

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मी मिरचीचे देठ खुडते.
हात कितीही धुतले तरी डोळ्याला लावायचे नाहीत,
एवढं एक पक्कं शिकलेय.
त्यामुळे जिना चढताना भरून आलं तरी
पुसायची सोय नसते.

वर भोईरमामा असतात, घणसोलीचे,
त्यांच्या पिशवीतल्या सुकटीचा वास त्यांच्याआधी पोचतो.
चांदणी असते,
जिला खाली सगळे ए म्हणतात आणि वर सगळे ताई.
परवीन असते.
आणि या खेपेला एक नवा मुलगा, दाराशी,
हेल्मेट मांडीवरून खाली ठेवत नव्हता.
त्याला कोणी नाव विचारलं नाही. चहा विचारला.

निमाताई बातम्या सांगतात.
म्हणाल्या, रिपोर्टात विषाणू सापडला नाही असं आलं
म्हणजे तो गेला असं नाही.
म्हंजे फरार, भोईरमामा म्हणाले.
फरार नाही हो, घरातच आहे,
गोळीच्या धाकानं गप बसलाय.
आणि असा गप बसलेला असला
तर नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला
जात नाही. नाही म्हणजे नाही.
पंखा तेवढा वाजत राहिला.

परवीननं विचारलं,
मग पोराचा मुका घेतला तर चालेल?
निमाताई थांबल्या.
तो तर तेव्हाही चालत होता गं.
तेव्हाही?
पहिल्यापासून.

परवीनचा पोरगा आता अकरावीत आहे.
मिसरूड फुटलंय त्याला.
ती बोटांवर काहीतरी मोजत होती,
मध्येच सोडून दिलं.

त्याच शनिवारी गोळ्यांची बोंब.
सेंटरवर माल आला नव्हता,
वीस तारखेनंतर या, म्हणत होते.
माझ्या डबीत तीन.
मी कोणाला बोलले नव्हते. डबीच बोलली.
एरवी तिच्यात कापूस कोंबते,
मार्केटात पिशवी हलली की खुळखुळ नको म्हणून.
त्या दिवशी विसरले.

चांदणीनं आपली डबी काढली, बोटानं कापूस उपसला.
तिच्याही डबीत कापूस!
भोईरमामांच्या डबीत बनियनची चिंधी,
परवीनच्या डबीत ओढणीचा तुकडा.
इतकी वर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसतोय,
आणि हे माहीत नव्हतं.

निमाताईंनी एकेक डबी उजेडात धरून नाव वाचलं.
गोळी एकाच जातीची हवी, म्हणाल्या.
त्या खोलीत जात विचारली गेली ती एवढीच.
बिस्किटांचं ताट रिकामं केलं.
दोन. दोन. एक. चार. एक.

मग हेल्मेटवाला उठला.
त्याला परवाच मिळाली होती, सील तसंच होतं.
त्यानं तिथंच फोडलं,
एक ताटात टाकली
आणि एक गिळली, सगळ्यांदेखत, कोरडीच.
अरे, पाणी तरी घे, निमाताई म्हणाल्या.
हेल्मेट खाली घरंगळत गेलं होतं
ते परवीननं उचलून आपल्या मांडीवर ठेवलं.

रात्री सासूबाईंनी विचारलं.
लागला, म्हटलं.
किती मिळाले?
अकरा.
अकरा हजार?
अकरा.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुढचं विचारलं नाही.
म्हणाल्या, आधी देवापुढं ठेव.

ठेवली.
घरातला कापूस तसाच उरला होता,
वाती वळायला त्यांनाच दिला.