दोन चुने सलग

शिमग्यानंतरच्या अमावास्येला
कालावलच्या खाडीत सुकती सगळ्यांत खोल जाते,
आणि भागीमावशी खवणेकरीण
वर्षातून एकदाच, एकच पाटी घेऊन
गुडघाभर चिखलात उतरते.
पाणी परतेपर्यंत जेवढ्या तिसऱ्या हाताला लागतील
तेवढं ते वर्ष.

पाटी अर्ध्याच्या वर गेली तर
चुलीमागच्या चिऱ्यावर कोळशाचं बोट.
अर्ध्याच्या खाली, तर चुन्याचं.
आकडे येत नाहीत असं नाही,
पतपेढीची वसुली केलीय तिने आठ वर्षं.
"आकडो इसरूक होता. बोट नाय."

मी मालवणात गणित शिकवतो.
एका मे महिन्यात त्या भिंतीसमोर
माझी अर्धी भाकरी हातातच राहिली.

थोड्या तिसऱ्या, तर पुढल्या साली पुष्कळ.
पुष्कळ झाल्या की एकमेकींच्या उरावर बसतात,
पुढल्या साली थोड्या.
इतकंच. एक रेघ, मध्ये वाकवलेली.
लुगडं ताणावं, दुमडावं, ताणावं, दुमडावं,
आणि शेजारचे दोन धागे
दहाव्या घडीला एकमेकांना ओळखेनात.
(एका साली नेमकी अर्धी भरली.
तिने दोन्ही बोटं एकदम टेकवली, राखाडी.
पुढल्या साली पाटी सांडली.)

आजची पाटी दोन वेगळ्या कालांतून आलेली असू शकते,
एक काल उपाशी, एक तुडुंब.
पाटी सांगत नाही, भिंत सांगते.
आणि पुढचं प्रत्येक बोट मागे जाऊन
पहिल्या पाटीभोवतीची शंका कुरतडतं.
वीस बोटं झाली
की त्या पहिल्या पाटीतली एकेक तिसरी मोजता यावी.

डाव्या कडेला ओल आहे.
दर पावसाळ्यात सगळ्यांत जुनं बोट जातं,
उजवीकडे नवं येतं,
ओळ एक घर सरकते.
माझ्या वहीत या सरकण्याला नाव आहे.
ती त्याला भिंत म्हणते.

मी मोठ्या तोंडाने तिला दाखवलं:
बघ, चुन्याशेजारी चुना कुठेच नाही.
तुझ्या ओळीला व्याकरण आहे, मावशी,
दोन उपाशी वर्षं सलग येऊच शकत नाहीत.
भाकरीवर पाण्याचा हात फिरवत ती म्हणाली,
"बरा झाला माका सांगलंस.
खाडयेक सांगलंस काय?"

मग वरच्या अंगाला कोळंबीचे तलाव झाले.
त्यांचं खाऊन उरलेलं हिरवट पाणी
रात्री खाडीत सुटू लागलं.
त्या शिमग्याला पाटी भरून ओचा भरला,
कोळशाचं बोट तिने दोनदा गिरवलं.
पुढल्या साली चुना.
त्याच्या पुढल्या साली
चुना.

घरी येऊन मी रेघ पुन्हा वाकवली, जरा उंच.
उंच वाकवली की दुसरं टोक तितकंच खोल उतरतं,
आणि दोन चुन्यांना जागा होते.
सगळं बसलं.
बसलं म्हणून काही बरं वाटलं नाही.

यंदा अकरा मिळाल्या.
अकरांत कालवण होत नाही.
दहा तिने तिथेच परत सोडल्या,
अकरावी पाटीच्या काथ्यात अडकून घरापर्यंत आली.
रात्री मला हलवून उठवलं,
तळहातावर ती, मिटलेली, बोटाच्या पेराएवढी.
"ह्या एकट्येचा काय रे?"

मी म्हटलं, फरक पडेल.
दहा-बारा वर्षांनी.
तोवर आजच्या बोटापर्यंत ओल आलेली असेल.

एवढं सगळं ऐकायला ती थांबली नव्हती.
बॅटरी घेऊन पाणंदीला लागली होती,
भरती चढत होती,
आणि मी अंधारात
एका चपलेत पाय घालून
दुसरी शोधत होतो.