परताव्याचा रकाना

खजिनदार मी. म्हणजे एक वही,
केशर घातलेल्या बनपावांचा एक जुना डबा
आणि बँकेतलं ते खातं, ज्याच्या नावात 'स्मृती' हा शब्द
कारकुनाने पहिल्याच वर्षी चुकवला होता.
आम्ही तो तसाच ठेवलाय. एकोणीस वर्षं झाली.

पोर्थवेरात पैसा भरतीसारखा येतो, जुलैत.
तराफ्यांची शर्यत, धक्क्यावर बाप्यांचं गाणं,
थर्झाने पहाटे तीनला उठून भाजलेल्या
मांस-बटाट्याच्या तळहाताएवढ्या करंज्या.
लंडनवाले, ज्यांची इथली घरं दहा महिने डोळे मिटून असतात,
बादलीत वीसची नोट टाकतात आणि आजूबाजूला बघतात.
खेकडे धरणारा म्हातारा क्लेमो नाणी टाकतो,
कुठेही न बघता.
त्याची नाणी मोजण्याआधी धुवावी लागतात.

सप्टेंबरात लाइफबोटीच्या शेडमागे,
ओल्या दोरखंडांच्या वासात, एकेक मूल येतं.
आम्ही तिघं बसतो. नियम थर्झाचा:
मार्क विचारायचे नाहीत.
'तुलाच का द्यावेत' हे तर मुळीच नाही.
विचारायचं एवढंच, की सोबत काय काय न्यायचंय?
चादर, म्हणतात. रेल्वेचं भाडं. एक कढई.
एकजण म्हणाला, बूट. माझे नव्हेत,
धाकट्याचे. मी नसताना त्याला लागतील.
तेही लिहिलं मी. 'पुस्तके' या रकान्यात.

तेव्हा मी टपाल वाटायचो.
त्या ऑगस्टात पेरनची मोटरसायकल, चर्चखालचं वळण,
तो दगडी बांध.
(हे वाक्य मी अजून पुरं करत नाही.)
तिसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत त्याच्या नावाचं पाकीट,
लीड्सच्या विद्यापीठाचं.
तीनदा फाटकापर्यंत जाऊन मागे फिरलो.
चौथ्यांदा थर्झाच बाहेर आली, हात पुढे केला.
आत होतं: वसतिगृह, खोली क्रमांक एकशे चौदा.
किल्ली दुपारी दोननंतर मिळेल.

आणि आता फेब्रुवारी. बैठकीचा महिना नव्हे.
केरेन्सा बोल्थो दारात उभी,
हातात रबरबँड लावलेल्या नोटा, मासळीच्या गोदामातल्या.
साडेतीनशे. मोजून घ्या, म्हणाली,
मी सोडून आले. मला नाही जमलं.
खाली मान. बाहेर समुद्र आपला दगड घासत बसलेला.

मी वही उघडली. दिलेले आहे, मिळालेले आहे,
परत आलेले, असा रकानाच नाही.
मी पट्टी शोधू लागलो,
माणूस काहीतरी शोधत राहतो अशा वेळी.

थर्झा म्हणाली, आमच्याला सोडून यायलाही मिळालं नाही गं.
मग खुर्ची पुढे ओढून, अगदी हळू,
खोली कशी होती?

केरेन्साने मान वर केली.
लहान, म्हणाली. पलंग भिंतीला खिळलेला.
खिडकीतून सायकली दिसायच्या आणि अर्धं झाड.
रात्री तीनला हीटर ठोके द्यायचा,
कुणीतरी आत यायला मागतंय असं वाटायचं.
शेजारची मुलगी रडली की मी रेडिओ लावायचे,
मी रडले की ती.

थर्झा ऐकत होती, ओठ किंचित उघडे.
एक्केचाळीस मुलं पाठवली आम्ही,
सगळ्यांची आभाराची कार्डं आली, छान अक्षरात.
खोलीबद्दल कुणी लिहिलं नव्हतं.

किल्ली, तिने विचारलं, किल्ली दोननंतरच मिळाली का?
हो. रांग होती. पाऊण तास.
रांग होती, थर्झा म्हणाली.
मग कुणी बोललंच नाही, किटली शिट्टी घालेपर्यंत.

नोटा टेबलाच्या मधोमध होत्या.
कधी डब्यात गेल्या, कुणी टाकल्या, मी पाहिलं नाही.
ताळेबंदात दरवर्षी साडेतीनशे जास्त येतात.
हिशेब तपासनीस पेन्सिलीने गोल करतो,
माझ्याकडे बघतो.
मी त्याला चहा देतो.