टाकी

देगलूरहून नुसरत मॅडम आल्या.
तीन दिवसांचं शिबिर, शाळेत, सातवीच्या वर्गात.
बाकडी भिंतीला लावली, सतरंजी अंथरली,
म्हणाल्या, गोल बसा.
आता आमच्या गावात गोल कोण बसतंय?
सरपंच खांबाला टेकून, बाया दारापाशी,
हणमंत ड्रायव्हर अर्धा आत, अर्धा बाहेर.
गोल व्हायलाच सकाळ गेली.

मी चहासाठी गेले नव्हते.
माझ्या गिरणीचा पट्टा कापला होता कुणी रात्री.
बावीसशेचा पट्टा, आठ दिवस गिरणी बंद,
आणि कापणारा कोण, ते साऱ्या गावाला ठाऊक.
ठाण्यात जा, म्हणणारे पुष्कळ.
सोबत येतो म्हणणारा एक नाही.

मॅडमनी पिशवीतून लाकडी चिमणी काढली.
ही ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं,
बाकीच्यांनी ऐकायचं.
चिमणी धरून बोलायची बाप्यांना लाज वाटली.
दुपारी मी घरून टाकी आणली,
गिरणीच्या दगडाला दात पाडायची.
नवऱ्यामागं मीच मारते ती.
फेकली तर डोकं फुटेल एवढी जड,
पण हातात आली की
माणूस आपसूक हळू बोलायचा.

दुसऱ्या दिवशी नाटक, खोटं भांडण.
मॅडम म्हणाल्या, सोजरबाई, तुम्ही चोर व्हा.
मी म्हणलं, मी काहून चोर?
जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
लहानपणापासून ऐकत आले.
सुपातून जात्यात जायला
सतरंजीवर दोन हात सरकायचं असतं, एवढंच.
हणमंत विचारत होता, का केलंस, बोल की.
सगळं खोटं,
तरी माझ्या मानेला घाम.

तिसऱ्या दिवशी खरं.
व्यंकट आला, सतरा वर्षांचा, आईच्या मागं,
नव्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती.
टाकी माझ्या हातात.
पाठ करून आले होते:
काय झालं, कुणाला लागलं, आता काय करावं.
त्यातलं एक तोंडात येईना. भलतंच आलं:
पट्टा कापलास,
मग पिठाच्या डब्यांवर झाकणं काहून ठेवून गेलास?

टाकी फिरत फिरत त्याच्याकडं गेली.
अंगठ्यानं टोक चाचपत राहिला.
"पीठ तुमचं नव्हतं.
लोकांचं होतं. उंदरं शिरली असती."

कुणी हसलं नाही. बाहेर पोरं कबड्डी खेळत होती.
मग नरसाबाई, त्याची आई,
जी दळण घेऊन येते आणि घेऊन जाते,
मधे एक शब्द नाही:
"पोळ्याच्या आदल्या दिवशी
वीस बाया होत्या रांगेत.
तुम्ही माझा डबा दोनदा मोजला.
चोरून आणला का, म्हणलं.
हळू नाही म्हणलं."
आणि टाकी पुढं दिली.

मला आठवत नव्हतं.
म्हणजे, मोजला ते आठवत होतं.
दोनदा, ते नव्हतं.

सरपंच घड्याळ बघत म्हणाले, मिटलं ना मग?
मॅडम म्हणाल्या, टाकी तुमच्याकडं नाही.

पट्ट्याचे पैसे मंगळवारच्या बाजारी
थोडे थोडे, असं ठरलं.
मी काय द्यायचं, ते कुणी बोलेना.
मीच म्हणलं, काटा फिरवते.
आता त्याचं तोंड रांगेकडं आहे,
आकडा आधी त्यांना दिसतो, मग मला.

जाताना मॅडमनी वही ठेवली,
पुढच्या वेळी गोलात कोण बसणार, नावं लिहा.
अकरा झाली. सरपंचांचं नाही.
हणमंतचं दोनदा आहे, अक्षर वेगळं.
बांधाचं एक भांडण वाट बघतंय म्हणे.

माफ केलं का, विचारतात.
नवा पट्टा अजून ताणतोय, रोज आवळावा लागतो,
तेवढंच सांगता येतं मला.
व्यंकट मंगळवारी पैसे देतो आणि जात नाही,
दगड उतरवतो, टाकी मारतो.
वाकडी मारतो. पीठ जाड पडतं.
बाया कुरकुरतात.
मी म्हणते, चाळून घ्या.